पंचवीस हजारांत टॅब की लॅपटॉप? आधी घरातली माणसं मोजा

बारावीचा निकाल लागला की आमच्या डिलाईल रोडवर एक प्रश्न हमखास कानावर येतो: "पंचवीस हजार आहेत, टॅब घेऊ की लॅपटॉप?" यूट्यूबवर उत्तरं ढीगभर आहेत, पण तिथला माणूस मोठ्या टेबलासमोर एकटा बसलेला असतो. इथल्या बीडीडी चाळीतली मूळ खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर ठरलंय, पण ते हातात येईपर्यंत अभ्यास पलंगावर नाहीतर पोटमाळ्यावर. आणि घरात एकच डिव्हाइस आलं तर ते सगळ्यांचं.

म्हणून प्रोसेसर, कॅमेरा वगैरे नंतर. पहिला प्रश्न: वापरणारे किती? विंडोज लॅपटॉपवर ताई, दादा, बाबा सगळ्यांची वेगळी खाती आणि वेगळे पासवर्ड ठेवता येतात. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्येही अशी सोय असते, पण सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, दुकानातच सेटिंगमध्ये शोधून बघा. आयपॅडवर मात्र घरगुती वापरासाठी वेगवेगळी खाती नाहीत. एकाचं व्हॉट्सअॅप, फोटो, मेल सगळं सगळ्यांसमोर. भावंडं असलेल्या घरात यावरून किती भांडणं होतात हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न: त्यावर काम काय करणार? लेक्चर बघणं, पीडीएफ वाचणं, पेनने गणितं सोडवणं यात टॅब सरळ जिंकतो. वजन साधारण अर्धा किलो, पंख्याचा आवाज नाही, चार्जिंग पॉवर बँकवरही होतं. करी रोडला गर्दीच्या लोकलमध्ये चढताना हे फरक जाणवतात. एमपीएससीचं वाचन एवढंच काम असेल तर टॅब घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण काम 'बघण्या'कडून 'करण्या'कडे गेलं की टॅब अडतो. कॉमर्सवाल्यांना टॅली लागतं आणि टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. कम्प्युटर इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांसाठी एक गंमत: अँड्रॉइडची अॅप्स ज्या अँड्रॉइड स्टुडिओमध्ये बनतात, तो अँड्रॉइड टॅबवर चालतच नाही! वर्ड-एक्सेल मोबाईलवर फुकट वापरायची सवय असेल तर हेही लक्षात ठेवा, की १०.१ इंचांहून मोठ्या स्क्रीनवर फाईलमध्ये बदल करायला मायक्रोसॉफ्ट पैसे मागतं. आजचे बरेच टॅब ११ इंची आहेत. गुगल डॉक्स फुकट आहे, तेवढ्यावर भागत असेल तर ठीक.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांनी टायपिंगचाही विचार करावा. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. काचेवर दोन अंगठ्यांनी हा सराव होत नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषा जोडायची. टॅबला कीबोर्ड लावता येतो, हो. पण मग टॅब, कीबोर्ड आणि पेन अशी एकत्र बेरीज करा. ती बऱ्याचदा लॅपटॉपच्या किमतीपर्यंत जाते.

आता लॅपटॉपमधला सापळा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजचा नवा कोरा लॅपटॉप स्वस्तात दिसेल. विंडोज ११ ची किमान अट बरोबर तेवढीच आहे. किमान म्हणजे चालू होईल एवढंच. क्रोममध्ये आठ टॅब उघडले की तो धापा टाकतो, आणि अशा मशीनमध्ये रॅम सहसा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीच्या खाली जाऊ नका.

या बजेटमध्ये माझं मत रिफर्बिश्ड लॅपटॉपला: ऑफिसांमधून निघालेले, लॅमिंग्टन रोडवर मिळतात तसे. पण इंटेलची पिढी बघा. मॉडेल 'आय५-८२५०यू' असेल तर रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. विंडोज ११ अधिकृतपणे, काही मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनच चालतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीन स्वस्त दिसली तरी सोडा. "विंडोज ११ टाकून देतो" असं दुकानदार म्हणेल. टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पैसे देण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या, सगळी बटणं एकदा दाबून बघा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.