लाकोटा छायाचित्रांतील व्यक्तींची ओळख

जुन्या कागदावर एखादें नांव आढळलें म्हणजे तें ग्राह्य धरण्यापूर्वीं आपण अक्षर, मिती, शिक्का व कागद हीं पडताळून पाहतों. छायाचित्र हातीं आलें कीं हा सावधपणा पुष्कळदां सुटतो. चेहरा डोळ्यांसमोर असतो, खालीं नांव लिहिलेलें असतें, आणि दोन्ही एकाच वेळचीं असावींत असें मन धरून चालतें. वास्तविक चित्र घेणारा एक, विकणारा दुसरा व नांव लिहिणारा तिसराच, असा प्रकार विरळा नाहीं. उत्तर अमेरिकेच्या मैदानी मुलखांतील लाकोटा लोकांच्या एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रांत हा घोटाळा विशेष झाला आहे; त्याचीं कांहीं उदाहरणें येथें मांडीत आहों.

१८७५ सालीं ब्लॅक हिल्स या डोंगरी मुलखाच्या वाटाघाटीसाठीं लाकोटा नायकांचें एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनास गेलें. त्या वेळीं ओमाहा शहरीं फ्रँक करियर या छायाचित्रकारानें घेतलेल्या एका चित्रांत रेड क्लाउड, स्पॉटेड टेल, स्विफ्ट बेअर व सिटिंग बुल असे चौघे नायक आणि ज्युलियस मायर हा ओमाहाचा व्यापारी दिसतात. या चौघांतील सिटिंग बुल म्हणजे लिटल बिगहॉर्नच्या लढाईमुळें प्रसिद्धीस आलेला तोच, असें पुष्कळांनीं मानलें. हें सर्वथा चूक आहे. तो प्रसिद्ध पुरुष हुंकपापा शाखेचा. १८७५ मध्यें तो सरकारी ठाण्यांपासून दूर रानांत होता; १८८१ च्या जुलैंत फोर्ट ब्युफोर्ड येथें तो शरण आला व त्याच वर्षीं गॉफनें त्याचें छायाचित्र घेतलें. ओमाहाच्या चित्रांतील सिटिंग बुल ओगलाला शाखेचा, सरकाराशीं सलोख्यानें वागणारा होता, आणि १८७६ च्या डिसेंबरांत तो क्रो जमातीच्या वाटाड्यांकडून मारला गेला. नांव खरें, चेहराही खरा. फक्त वाचणारानें माणूस दुसरा घेतला. प्रसिद्ध नांवाची किंमत अधिक येते, म्हणून विक्रेत्यांनीं ही चूक सुधारण्याची घाई केली नसावी, असें आम्हांस वाटतें.

एकच नांव दोघांचें असणें हें लाकोटांत नवल नव्हे. अमेरिकन हॉर्स नांवाचा एक नायक १८७६ सालीं स्लिम ब्यूट्स येथें पडला. त्याच नांवाचा ओगलाला नायक १९०८ पर्यंत हयात होता. बापाचें नांव लेकाकडेही येई. आमच्याकडे नातवास आजाचें नांव ठेवण्याच्या चालीनें वंशावळींत जो गुंता होतो, त्याच जातीचा हा गुंता. शिवाय भाषांतराची भर पडते. ‘ताशुंका कोकिपापी’ याचा अर्थ ‘ज्याच्या घोड्याचेंही शत्रूस भय वाटतें तो’. दुभाष्यांनीं त्याचें ‘आपल्या घोड्यांना भिणारा’ असें करून टाकलें! या नांवाचे बापलेक दोघेही नायक होते. १८६८ सालीं फोर्ट लॅरामीच्या तहाच्या वेळीं गार्डनरनें घेतलेल्या चित्रांतला तो बाप. लेक १८९३ मध्यें वारला.

जेथें नांवाचा उपयोग होत नाहीं तेथें वस्तु बोलतात. छातीवर रुळणारें लांब नळ्यांचें भूषण घ्या. पूर्वीं या नळ्या शंखाच्या असत व न्यू जर्सींतील कॅम्पबेल घराण्याच्या कारखान्यांत तयार होत. त्या महाग व ठिसूळ. गुरांच्या हाडांच्या स्वस्त नळ्या १८८० च्या सुमारास बाजारांत आल्या, व तेव्हांपासून छातीभर रुंद भूषणें सर्रास झालीं. हा इतिहास जॉन यूअर्स यांनीं १९५७ सालीं सविस्तर मांडला आहे. क्रेझी हॉर्स याचें म्हणून जें एक पत्र्यावरील चित्र दाखविण्यांत येतें, त्यांतील माणसाच्या अंगावर असेंच रुंद भूषण आहे. क्रेझी हॉर्स तर १८७७ च्या ५ सप्टेंबरला फोर्ट रॉबिन्सन येथें मारला गेला. चित्राच्या खरेपणाविरुद्ध अभ्यासकांचा हा एक मोठा आक्षेप आहे.

दुसरी कसोटी व्रणाची. १८७० सालीं नो वॉटर नांवाच्या माणसानें झाडलेली गोळी क्रेझी हॉर्सच्या डाव्या नाकपुडीजवळ लागून वरचा जबडा मोडला होता. येथें संग्राहकांनीं एक गोष्ट विसरूं नये: पत्र्यावरील चित्र आरशांतल्याप्रमाणें उलट उमटतें. समोरून घेतलेल्या चित्रांत डावा व्रण पाहणाराच्या डाव्या हातास दिसला पाहिजे, कागदावरील ठशांत उजव्या. ही साधी बाब न जाणतां व्रणावरून वाद घालणें व्यर्थ. क्रेझी हॉर्सचें सर्वमान्य छायाचित्र एकही नाहीं. हा चेहरा त्याचा म्हणून पुस्तकांतून रूढ झाला, तर खऱ्या बसलेल्या माणसाच्या वंशजांस आपला पूर्वज कधींच सांपडणार नाहीं.

कुटुंबाच्या चित्रांत अडचण निराळी. लाकोटा भाषेंत बापास ‘आते’ म्हणतात (आमच्या आतेशीं याचा कांहीं संबंध नाहीं) व बापाच्या भावासही तोच शब्द. आई व मावशी या दोघी ‘इना’. म्हणून ‘आई’, ‘मुलगा’ एवढ्या शब्दांवर वंशावळ उभारूं नये. हुंकपापा सिटिंग बुलबरोबर दिसणारा वन बुल कोठें त्याचा मुलगा, कोठें पुतण्या म्हणून छापला आहे. तो बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. मामानें त्यास लहानपणींच आपला म्हणून वाढविलें, यावरून ‘मुलगा’ हेंही अगदीं खोटें नव्हे.

सिटिंग बुल १८९० च्या १५ डिसेंबरला ग्रँड नदीकांठच्या आपल्या लांकडी घराजवळ मारला गेला. त्यानंतर डी. एफ. बॅरीनें त्या घरापुढें त्याच्या दोन विधवांचें मुलींसह चित्र घेतलें. ‘सिटिंग बुलच्या बायका’ एवढें लिहून अनेकांनीं काम भागविलें आहे. त्यांचीं नांवें सीन बाय हर नेशन व फोर रोब्ज. त्या सख्ख्या बहिणी, तेव्हां घरांतील मुलांस दोघीही ‘इना’च. पुढें तें घर उतरवून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत नेऊन उभें केलें. म्हणून ज्यांच्या संग्रहीं त्या घराचें चित्र असेल त्यांनीं आधीं मागची बाजू न्याहाळावी: उघडें माळरान असेल तर चित्र घर हलविण्यापूर्वींचें, आणि प्रदर्शनाच्या इमारती दिसत असतील तर दारांत उभीं असलेलीं माणसें त्या घरचींच असतील असें नाहीं.