हळदीचा डाग उन्हात उडतो, मग क्रीममधली हळद टिकते कशी?

हिंगोली : पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला की साबण लावताच तो लाल होतो, आणि कपडा उन्हात वाळत घातला की हळूहळू उडून जातो. ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. हळदीला पिवळा रंग देणारा कुरकुमिन हा घटक ऊन आणि साबणासारखे अल्कधर्मी पदार्थ सोसत नाही, म्हणून असं होतं. आता हाच कुरकुमिन ‘उन्हापासून त्वचेचं रक्षण’ म्हणून क्रीममधून विकला जातोय. जो उन्हात स्वतःच टिकत नाही, तो आपल्याला काय वाचवणार? प्रश्न रास्त आहे.

कुरकुमिन करतो काय?

उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरले की तिथे ‘फ्री रॅडिकल’ नावाचे कण तयार होतात. मोकाट जनावर जसं दिसेल त्या पिकात तोंड घालतं, तसे हे कण आजूबाजूच्या पेशी खराब करतात. त्यांना शांत करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळदीतला कुरकुमिन, आवळ्यातलं व्हिटॅमिन सी, चहातले कॅटेचिन ही त्याची उदाहरणं.

अडचण कुठे?

पहिली अडचण टिकण्याची. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३७ अंश तापमान आणि ७.२ सामू असलेल्या द्रावणात अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कुरकुमिन नष्ट झाला. दुसरी अडचण, तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. फोडणीत हळद टाकली की तेल पिवळं होतं ते त्यामुळेच. तिसरी, कातडीचा सगळ्यात वरचा थर बाहेरचं काही सहज आत जाऊ देत नाही.

उपाय : बारीक डबी

शेतकऱ्याला ही युक्ती नवी नाही. काही कीटकनाशकांच्या बाटलीवर नावापुढे ‘सीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे औषध बारीक कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं. त्यामुळे ते हळूहळू बाहेर येतं. कुरकुमिनसाठीही अशीच डबी करतात, फक्त कितीतरी लहान.

ही डबी बऱ्याचदा लेसिथिनची असते. सोयाबीनचं तेल शुद्ध करताना लेसिथिन निघतं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात घोळलं की हे कण आपोआप जुळून दुहेरी भिंतीचे गोल फुगे होतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी ते १९६० च्या दशकात ओळखले. १९८६ मध्ये फ्रान्सच्या डिऑर कंपनीने लायपोसोमची क्रीम बाजारात आणली.

कुरकुमिन या फुग्याच्या तेलकट भिंतीत बसतो. तिथे पाणी कमी पोचतं, म्हणून तो जास्त वेळ टिकतो. फुगा साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर, यावरून आकार लक्षात यावा. कातडीवर हे फुगे पसरतात आणि आतला माल थोडा थोडा सोडतात.

मग विकत घ्यायची का?

इथे जपून. डबीत ठेवलेला कुरकुमिन उघड्यापेक्षा जास्त टिकतो, हे प्रयोगशाळेत पक्कं दिसलं आहे. पण खोक्यावर ‘नॅनो’ किंवा ‘हर्बल’ छापलं म्हणून आत तशी डबी असेलच असं नाही. शिवाय अँटिऑक्सिडंट ऊन अडवत नाही, उन्हाने झालेलं नुकसान कमी करायला मदत करतो. त्यामुळे कापूस वेचताना, खुरपताना डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, याला पर्याय नाही.

क्रीम घेताना उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापराची मुदत आणि घटकांची यादी पाहावी. यातलं काहीच नसलेली, ‘आठ दिवसांत गोरं करते’ म्हणणारी डबी घेऊ नये. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि तो मूत्रपिंडाला घातक आहे. घरच्या घरी हळदीत लिंबू पिळून, तोंडाला लावून उन्हात जाणंही टाळावं. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

आणि घरची हळद पावडर? तीही काचेच्या बरणीत खिडकीत ठेवू नये. झाकणाच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवावी. तिचा रंग आणि गुण दोन्ही जास्त दिवस राहतात.