तेलवंत राष्ट्रांचें एकत्र कुटुंब

पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुकापुरांत महिनाअखेर घरोघरीं जमाखर्च मांडला जातो, तेव्हां दुचाकीचें पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस या दोन रकमांपाशीं लेखणी हमखास अडखळते. "हे भाव ठरवितो तरी कोण?" असें वडील मंडळी विचारतात. "शेजारीं उरणास तर समुद्रांतलें तेल येतें!" असेंही कोणी म्हणतो. गोष्ट खरी आहे. 1974 सालीं 'सागर सम्राट'वरून खोदतांना मुंबई हाय येथें तेल लागलें, आणि तें नळांवाटें उरणास येतें. परंतु आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शंभरांत 85 हून अधिक भाग परदेशांतून येतो, आणि उरणच्या तेलाचा भावही जगाच्या बाजाराशींच बांधलेला असतो. सरकारी कर व रुपयाचें मोल यांचा वांटा बाजूस ठेवला, तर या प्रश्नाचें एक मोठें मूळ व्हिएन्ना शहरांतील एका पंचायतींत सांपडतें.

ही पंचायत म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना, ओपेक. पूर्वीं तेलाचा भाव बड्या पाश्चात्त्य कंपन्या ठरवीत. ऑगस्ट 1960 मध्यें त्यांनीं तो परस्पर उतरविला, तेव्हां पुढच्याच महिन्यांत इराण, इराक, कुवेत, सौदी अरबस्तान व व्हेनेझुएला हे पांच देश बगदाद येथें एकत्र आले. बाजार स्थिर राहावा व आपल्या उत्पन्नास धक्का लागूं नये, हा त्यांचा हेतु. पुढें त्यासाठीं योजलेली युक्ति साधी होती: मागणी मंदावली कीं सर्वांनीं मिळून उपसा कमी करावयाचा.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस यांतील मेख सांगावयास नको. काटकसर ठरते सर्वांची. पाळावी लागते ती बहुधा थोरल्या भावास. 1982 सालीं ओपेकनें प्रत्येकाचा हिस्सा ठरविला. पण कित्येक सभासद पडद्याआड अधिक तेल विकूं लागले. या घरचा थोरला भाऊ सौदी अरबस्तान. भाव टिकावा म्हणून त्यानें आपला उपसा उतरवीत आणला. 1980 च्या सुमारास तो रोज 1 कोटी पिंपांच्या घरांत होता. 1985 च्या उन्हाळ्यांत तो 25 लाखांच्या आसपास आला. (एक पिंप म्हणजे सुमारें 159 लिटर.) अखेर त्याचा धीर सुटला. त्यानें हात मोकळा सोडतांच 1986 सालीं भाव पिंपामागें सुमारें 30 डॉलरांवरून 10 डॉलरांच्या आसपास कोसळला, आणि नेम पाळणारे व मोडणारे सारेच पोळले.

2016 सालीं रशिया व इतर कांहीं देश बाहेर राहूनही या कपातींत सामील झाले. मार्च 2020 मध्यें सौदी व रशिया यांचें बिनसलें. त्यांतच करोनाची साथ आली व भाव गडगडले. एप्रिलांत पुनः समेट होऊन रोज सुमारें 97 लाख पिंपांची कपात ठरली.

या पंचायतीस केवळ दोष देणें योग्य नव्हे. अति स्वस्ताई आली कीं नव्या विहिरींवरील खर्च थांबतो, आणि पुढें टंचाई ओढवते. परंतु स्थिर भाव म्हणजे स्वस्त भाव नव्हे. त्या पंक्तींत विक्रेतेच बसतात. गिऱ्हाइकासाठीं तेथें पाट मांडलेला नसतो.

तेव्हां गिऱ्हाइकानें आपली तरतूद आपणच करावी. विशाखापट्टणम्, मंगळूर व पाडूर येथें जमिनीखालील गुहांत 53 लाख टन तेल सांठविण्याची सोय आपल्या देशानें केली आहे; पण ही कणगी भरली तरी देशास दहा दिवसही पुरणार नाहीं. उरलेलें काम घरोघरचें आहे. डाळ आधीं भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावें, पनवेल स्टेशनाकडे जाणाऱ्या चौघांनीं मिळून एक वाहन करावें. थोरल्या भावानें एकट्यानें पाळलेली काटकसर टिकत नाहीं, हें त्या तेलवंतांच्या घरीं दिसलेंच आहे. आपल्या घरीं तरी ती सर्वांनीं मिळून पाळावी.