पाण्यावर आडवा वारा लागत नाही?

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर सीप्लेनची चाचणी झाली. तेव्हापासून कोकणात किंवा धरणांवर अशी विमानं आणायची चर्चा निघाली, की एक वाक्य हमखास कानावर येतं : “विमानतळावर धावपट्टी ठरलेली असते, म्हणून आडव्या वाऱ्याचा त्रास. पाणी चहूकडे मोकळं. वाऱ्याकडे तोंड करायचं आणि उडायचं!” जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावरून उडताना सीप्लेन कोसळलं आणि सातांपैकी तिघांचा जीव गेला, तेव्हाही हेच ऐकलं. चांगली शिकलेली माणसं ठामपणे सांगतात. हा समज खोटा आहे, आणि माणूस त्यापायी नको तिथे निर्धास्त होतो, म्हणून तो खोडून काढायलाच हवा.

पाणी दिसतं तेवढं मोकळं नसतं. बंदरात होड्या असतात, खडक असतात. खाडी चिंचोळी असेल तर वारा कुठूनही येवो, विमानाला तिच्या लांबीनेच धावावं लागतं. उघड्या समुद्रावर लांबून येणाऱ्या लाटांच्या रांगा असतात. त्यांच्यावर समोरून आदळत धावलं तर फ्लोटचं (विमान ज्यांवर तरंगतं त्या होडीसारख्या पायांचं) आणि विमानाचं काही खरं नाही, म्हणून पायलट रांगांना समांतर धावतो आणि वारा बाजूने अंगावर घेतो. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेच्या सीप्लेन पुस्तिकेत आडव्या वाऱ्यात उड्डाण कसं करायचं ते सविस्तर शिकवलं आहे. पाण्यावर आडवा वारा नसताच, तर ते शिकवलं कशाला असतं?

जमिनीवरच्या विमानाला टायरची पकड असते, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात. फ्लोटवरच्या विमानाला पाण्यात ब्रेकच नाही. शेपटीचा उभा भाग मोठा असल्यामुळे ते वातकुक्कुटासारखं आपोआप वाऱ्याकडे वळतं. सावकाश चालताना फ्लोटच्या मागची छोटी सुकाणू त्याला आवरतात, पण उड्डाणासाठी धावताना ती वर उचलून घेतलेली असतात. वेग वाढला की फ्लोट पाण्याच्या वर चढून नुसते पृष्ठभागावरून घसरत जातात. पंखांनी बराच भार उचललेला असतो, पण विमान अजून सुटलेलं नसतं.

नेमका त्या क्षणी डावीकडून वाऱ्याचा झोत आला असं धरा. नाक झटक्यात डावीकडे वळतं. वळणाच्या जोराने विमान बाहेर, म्हणजे उजवीकडे कलतं. त्याच वेळी वारा डाव्या पंखाखाली शिरून तो वर उचलतो. दोन्ही जोर एकाच बाजूला ढकलतात, उजवा फ्लोट पाण्यात रुततो, आणि त्या बाजूच्या पंखाचं टोक टेकलं तर विमान उलटायला वेळ लागत नाही. डावा पंख दाबून धरून पायलट हे सावरू शकतो, वारा एकसारखा असेल तर चांगलं सावरतो. झोत मात्र तेवढी उसंत देत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : २० नॉटचा वारा क्षणभर ३० नॉट झाला, तर वेग दीडपट आणि जोर सव्वादोनपट!

बरं, वाऱ्याकडे तोंड केलं की सुटलो, हेही खरं नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या सॅटर्ना बेटावर २९ नोव्हेंबर २००९ रोजी काय झालं ते पाहा. लायल हार्बरमधून एक बीव्हर विमान आठ जणांना घेऊन निघालं. पाठीमागून वारा घेऊन उडायचा पहिला प्रयत्न फसला, म्हणून पायलटने वाऱ्याकडे तोंड करून उड्डाण केलं. विमान सुटलं, पण भोवतालच्या टेकड्यांच्या वर गेलंच नाही. डावीकडे वळताना स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि ते पाण्यावर आदळलं. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात हवेची स्थिती आणि वळणातला कल ही जोडी कारण म्हणून नोंदलेली आहे. शिवाय स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा चालत नव्हती आणि वजनाचा मध्यबिंदू मर्यादेपेक्षा मागे होता. नुसत्या वाऱ्यावर खापर फोडून चालणार नाही. पण झोताच्या वाऱ्यात, कमी उंचीवर, अशा उणिवा झाकायला जागा उरत नाही.

या अपघातात सहा जण गेले, आणि ते बुडून गेले. चारांपैकी दोन दारं धडकेने अडकली होती. ‘फ्लोट आहेत, बुडणार कसं?’ असं विचारणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरे व्हावं. मंडळाने सहज उघडणारी दारं आणि ढकलून काढता येणाऱ्या खिडक्यांची शिफारस केली. लहान व्यावसायिक सीप्लेनमध्ये प्रवाशांनी तरंगायचं जाकीट अंगावरच घालावं, हा कॅनडाचा नियम मात्र २०१९ मध्ये जाहीर झाला. अपघातापासूनची जवळपास दहा वर्षं फार होतात.

बाकीचे समज थोडक्यात. ‘पाणी मऊ असतं’ : हवेच्या सुमारे आठशे पट घन असतं, वेगात पंख टेकला की कळतं. ‘आरशासारखं शांत पाणी सगळ्यात चांगलं’ : त्यावरून फ्लोट सुटायला वेळ लागतो आणि उतरताना उंचीचा अंदाजच येत नाही, थोडी लहर असलेली बरी. ‘सगळी सीप्लेन जमिनीवरही उतरतात’ : फक्त चाकं असलेली उतरतात, आणि तीच चाकं चुकून पाण्यात उघडी राहिली तर विमान पालथं होतं. ‘मालदीवला आपली मंडळी हनिमूनला रोज त्यातूनच जातात, काही होत नाही’ : तिथे ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात आणि बहुतेक वेळा प्रवाळाच्या आडोशाच्या पाण्यात उतरतात. उघड्या किनाऱ्याशी त्याची तुलना कशी करणार?

‘धोका दिसला की लगेच जाकीट फुगवायचं’ हा समज सर्वांत घातक. १९९६ मध्ये कोमोरोसजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान समुद्रात उतरलं, तेव्हा आतच जाकीट फुगवलेले कित्येक प्रवासी बाहेर पडू शकले नाहीत. केबिनमध्ये पाणी भरलं की फुगलेलं जाकीट माणसाला छताला नेऊन चिकटवतं. ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं, आणि बसल्याबरोबर आपल्या जवळच्या दाराची कडी कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरते, ते नीट पाहून ठेवायचं.