मॉडेम एवढा का ओरडायचा?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही आधी मोजक्या महानगरांत. भूमसारख्या तालुक्याच्या गावी त्याला वाट होती ती घरातल्या टेलिफोनच्या तारेची.

जोडणी सोपी होती. भिंतीवरच्या सॉकेटमधली वायर मॉडेमच्या, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्राच्या, 'लाइन' लिहिलेल्या खाचेत, फोनची वायर शेजारच्या खाचेत. मग विंडोज ९८मध्ये 'डायल-अप नेटवर्किंग' उघडून नंबर, युजरनेम, पासवर्ड भरायचा. कनेक्ट दाबलं की शिट्ट्या आणि खरखर सुरू!

ती दोन मॉडेमची बोलणी असत: एक घरातला, दुसरा इंटरनेट देणाऱ्याकडचा. टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बेतलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज ती पुढे नेते. म्हणून संगणकाच्या शून्य-एकला आवाजाचं रूप घ्यावं लागे. पलीकडून येणारी लांब शिट्टी २१०० हर्ट्झची. ती ऐकली की लाइनवरची प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बाजूला होत आणि दोन्हीकडून एकाच वेळी बोलता येई. नंतरच्या खरखरीत लाइनची तपासणी होऊन वेग ठरे. पावसाने वायरचा जोड ओला झाला, की वेग घसरलाच.

१९९८च्या व्ही.९० मानकात कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट. प्रत्यक्षात ४० मिळाले, तर एका मेगाबाइटला तीन मिनिटांहून जास्त. तेवढ्यात कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की त्याच पट्ट्यात बोलणं मिसळून जोडणी तुटे. पुढे ब्रॉडबँडने त्याच तांब्याच्या तारेवर आवाजाच्या वरचा पट्टा वापरला आणि फोन मोकळा झाला.