'मॅडव्हिलनी' : फुटलेली प्रत आणि बदललेला आवाज

मंडळी, आज आपण एकच अल्बम घेऊन बसणार आहोत. 'मॅडव्हिलनी'. 23 मार्च 2004 रोजी लॉस एंजेलिसच्या 'स्टोन्स थ्रो' या छोट्या लेबलने तो काढला. रॅप करणारा एमएफ डूम, बीट करणारा मॅडलिब, आणि दोघांनी मिळून घेतलेलं नाव 'मॅडव्हिलन'. 22 तुकडे, सगळे मिळून साधारण 46 मिनिटं.

हिप हॉपमध्ये 'इंडिपेंडंट' म्हटलं की आपल्याला पटकन 'कमी पैशात केलेलं' असं वाटतं. पैसे कमी असतात हे खरंच. पण आमच्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. 'हे असं चालणार नाही' असं म्हणण्याचा अधिकार कुणाकडे आहे? या अल्बमचं रूप त्या एका प्रश्नातून आलंय, म्हणून आधी डूमची गोष्ट सांगावी लागते.

डूमचं खरं नाव डॅनियल डूमिले. जन्म 1971चा, लंडनमधला. वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. भावाबरोबर त्याने 'केएमडी' नावाचा गट काढला. त्यांचा पहिला अल्बम 'इलेक्ट्रा' या मोठ्या कंपनीने काढला. दुसऱ्याचं काम चालू असताना, 1993मध्ये, हा भाऊ, सबरॉक, मोटार अपघातात गेला. डूमिलेने अल्बम पुरा केला, पण 1994मध्ये मुखपृष्ठावरच्या चित्रावरून वाद झाला. कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या व्यंगचित्रांमधल्या एका पात्राला फाशी दिलेलं दाखवलं होतं. टिंगलीलाच फाशी, हा त्या चित्राचा अर्थ. पण कंपनी घाबरली. तिने अल्बम अडवला आणि गटालाही सोडून दिलं. म्हणजे भाऊ गेला आणि भावाबरोबर केलेलं शेवटचं कामही कपाटात गेलं.

त्यानंतर काही वर्षं डूमिले दिसलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका कवी-कॅफेत एक माणूस चेहऱ्यावर स्टॉकिंग ओढून रॅप करायला लागला. तो हाच. पुढे स्टॉकिंगच्या जागी धातूचा मुखवटा आला, मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमवरून नाव आलं, आणि 1999मध्ये एका लहान लेबलवर पहिला एकट्याचा अल्बम आला.

आता दुसरी बाजू. मॅडलिब, म्हणजे ओटिस जॅक्सन ज्युनियर, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा. स्टोन्स थ्रोची मंडळी लॉस एंजेलिसमधल्या माउंट वॉशिंग्टन टेकडीवर एका घरात राहायची आणि तिथूनच लेबल चालवायची. घराला शीतयुद्धाच्या काळातलं बाँबपासून वाचायला बांधलेलं काँक्रीटचं तळघर होतं. तोच मॅडलिबचा स्टुडिओ. डूमबरोबर काम करायला आवडेल, असं तो एका मुलाखतीत बोलून गेला होता. लेबलने डूमला अटलांटाजवळून विमानाने बोलावलं. तेव्हा लेबल सांभाळणारे इओथन अलपट यांनी सांगितलेला किस्सा असा: ठरलेले 1500 डॉलर द्यायला हातात नव्हते, तिकिटांतच पैसे संपले होते. डूमच्या वतीने आलेली बाई वर पैसे मागत होती, तोवर डूम खाली मॅडलिबबरोबर कामाला लागलाही होता. करार म्हणे कागदी ताटलीवर लिहिला गेला. गंमत बाजूला ठेवू. पण मुखपृष्ठावर आक्षेप घेणारा कायदेविभाग तिथे नव्हता, हे लक्षात ठेवा. मॅडलिब तळघरात बीट करायचा, डूम वरच्या गच्चीवर बसून लिहायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलायचेही नाहीत.

2002च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला. जवळ काय होतं? बॉस कंपनीचं एसपी-303 नावाचं छोटं सॅम्पलर, उचलून नेता येईल असं टर्नटेबल आणि एक टेपडेक. साओ पाउलोतल्या हॉटेलच्या खोलीत, तिथल्याच दुकानांतून उचललेल्या जुन्या तबकड्यांवरून, त्याने या अल्बमचे बरेचसे बीट केले. सॅम्पलर म्हणजे जुन्या गाण्याचा चार-सहा सेकंदांचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. या अल्बमवर ब्राझिलियन ऑर्गनवादक वाल्दिर काल्मोनची तबकडी आहे, तसाच पियानोवादक बिल इव्हान्सही आहे.

इथे कायद्याचंही थोडं बोलायला हवं. 1991मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं ही सरळ चोरी ठरवली. तेव्हापासून मोठ्या कंपन्या प्रत्येक तुकड्याचा हिशोब करू लागल्या, आणि साहजिकच तुकडे कमी झाले. जुन्या, विसरलेल्या तबकड्यांतून गाणं रचण्याची ही रीत टिकली ती मुख्यतः छोट्या लेबलांवर, कमी प्रतींच्या आडोशाला.

आणि मग प्रत फुटली. परीक्षेचा पेपर फुटतो तशीच. ब्राझीलच्या त्या प्रवासात अर्धवट अल्बमची कच्ची प्रत कुणीतरी पळवली आणि ती इंटरनेटवर आली. अल्बम यायला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. छोट्या लेबलसाठी हा किती मोठा घाव असेल, याची कल्पना करा. जे विकायचं तेच फुकट फिरतंय. दोघांचाही उत्साह गेला. मॅडलिब जे डिलाबरोबरच्या अल्बमकडे वळला, डूमने 2003मध्ये दुसऱ्या टोपणनावांनी दोन अल्बम काढले. हे काम तिथेच संपलं असतं तर नवल नव्हतं. ज्याचा एक अल्बम कंपनीने अडवला होता, त्याचा दुसरा चोरांनी पळवला, एवढीच नोंद राहिली असती.

पण ते परत आले. डूमने बरेचसे शब्द तेच ठेवले आणि आवाज बदलला. फुटलेल्या प्रतीत तो चढ्या, घाईच्या आवाजात बोलतो. अंतिम अल्बमवर आवाज खाली आलाय, सैल झालाय. आरामखुर्चीत बसून कुणी बोलावं तसा. ज्यांना चोरीची प्रत पाठ झाली होती, त्यांतल्या काहींना हा नवा आवाज झोपाळू वाटला. आम्हाला विचाराल तर अल्बम उभा आहे तो या आवाजावरच. चढ्या आवाजात यमक ठासून ऐकू येतं. खालच्या आवाजात ते निसटून जातं, आणि दोन ओळी पुढे गेल्यावर कळतं की अरे, इथे सहा शब्द एकमेकांना जुळले होते! आपल्याकडे मोरोपंतांची आर्या वाचताना असंच होतं. अर्थामागे धावताना यमक मागे राहतं, मग परत फिरून वाचावं लागतं. तुलना इथवरच, मोरोपंतांना मुखवट्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट, ध्रुवपद. ते जवळजवळ नाहीच. बरेच तुकडे दोन मिनिटांच्या आसपास संपतात. रेडिओला हवं असतं ते गाणं: तीन-चार मिनिटांचं, मध्ये परत परत येणारी, लोकांच्या तोंडी बसणारी ओळ. 'अकॉर्डियन' ऐका. डेडेलस या संगीतकाराच्या तुकड्यातला अकॉर्डियन फिरत राहतो, डूम बोलत राहतो आणि गाणं थांबतं. मोठ्या कंपनीत पहिल्याच बैठकीत कुणीतरी 'ध्रुवपद कुठाय?' असं विचारलं असतं.

स्वागताचं काय? बिलबोर्डच्या 200 अल्बमच्या यादीत हा पोचला 179व्या जागेपर्यंत. आकडा हसण्यासारखा वाटेल, पण समीक्षकांनी उचलून धरला. 'न्यूयॉर्कर'सारख्या, रॅपशी फारसं देणंघेणं नसलेल्या साप्ताहिकानेही दखल घेतली. विक्री हळूहळू दीड लाखाच्या आसपास गेली. मोठ्या कंपनीला हा आकडा चिल्लर. स्टोन्स थ्रोच्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांत तो आला. पुढे ती फुटलेली कच्ची प्रतही लेबलने स्वतःच अधिकृतपणे बाजारात आणली.

आपल्यासाठी एक आडवाट: 2007मध्ये मॅडलिबने 'बीट कंडक्टा इन इंडिया' काढला. त्यातले तुकडे आपल्या हिंदी सिनेमाच्या जुन्या संगीतातून घेतलेत. ऐकताना ओळखीचा तुकडा आला की माणूस दचकतो.

'मॅडव्हिलनी'चा दुसरा भाग येणार, असं वर्षानुवर्षं ऐकू येत राहिलं. 2008मध्ये मॅडलिबने पहिल्याच भागावर नवे बीट चढवून एक आवृत्ती काढली, तेवढीच. डूम 31 ऑक्टोबर 2020 रोजी गेला. जगाला कळलं 31 डिसेंबरला, घरच्यांनी सांगितलं तेव्हा. दोन महिने कुणालाच पत्ता नव्हता.

आता आम्ही 'अकॉर्डियन' दोनदा लावतो. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका, दुसऱ्यांदा यमकं मोजा. मग प्रश्न घेऊ.