पलीकडच्या जगाची किंमत

अकरावीला सायन्सऐवजी आर्ट्स घेतलं असतं तर? त्या रात्री तो मेसेज पाठवलाच नसता तर? कॉलेजच्या कट्ट्यावर रोज निघणाऱ्या या 'तर'वर यंग अॅडल्ट फिक्शनचं एक अख्खं दालन उभं आहे. आपल्या जगाला खेटून असलेलं दुसरं जग, तिथली भुतं आणि चुकून तिथे जाऊन पोहोचलेली पोरं! 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधल्या अपसाइड डाउनमुळे अनेकांना याची चटक लागली. ती लागलीच असेल, तर फिलिप पुलमनची 'हिज डार्क मटेरियल्स' ही तीन पुस्तकं वाचाच. १९९५ ते २००० या काळात आलेली ही मालिका या दालनातली आपली सगळ्यात लाडकी.

नायक-नायिका बारा वर्षांचे आहेत म्हणून नाक मुरडू नका. तिसऱ्या भागाला, 'द अँबर स्पायग्लास'ला, व्हिटब्रेडचं 'बुक ऑफ द इयर' मिळालं, तेव्हा मुलांच्या पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत फिरतो. लहानपणी तो सारखी रूपं बदलतो, वयात आलात की एकाच रूपात कायमचा स्थिरावतो. कोणत्या, ते तुम्ही ठरवायचं नाही. (करिअर निवडताना घाम फुटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!) विल मात्र आपल्या जगातला. ऑक्सफर्डच्या एका रस्त्यावर मांजराच्या मागे जाताना त्याला हवेत कापलेली खिडकी दिसते. पलीकडे समुद्रकाठचं शहर, आणि त्यात फक्त मुलं. मोठी माणसं गायब, कारण तिथले स्पेक्टर्स मोठ्यांचंच मन खातात. माणूस जिवंत राहतो, पण आतून रिकामा. मुलांना ते दिसतही नाहीत. वय वाढलं की दिसू लागतात, आणि मग तुमची पाळी.

इथून पुढे स्पॉयलर आहे, सांभाळून.

विलच्या हाती एक सुरी येते. ती हवेत फिरवली की दुसऱ्या जगाची खिडकी उघडते. दुसऱ्या कुणी हे पुढे निव्वळ साहसात उडवलं असतं. पुलमन हिशोब मागतो. सुरीने उघडलेल्या प्रत्येक खिडकीतून एक नवा स्पेक्टर जन्माला येतो. आणि परक्या जगात दहाएक वर्षं काढली की माणूस खंगून मरतो. म्हणजे विल आणि लायरा प्रेमात पडले, तरी कुणी कुणाकडे कायमचं राहू शकत नाही. फक्त एक खिडकी उघडी ठेवता येणार असते. ती ते स्वतःसाठी ठेवत नाहीत, मृतांच्या जगात अडकलेल्यांना बाहेर पडता यावं म्हणून सोडून देतात. पहिल्यांदा वाचताना इथे पुलमनचा मनापासून राग येतो.

अनेक जगांची ही कल्पना नुसती कादंबरीवाल्यांची नाही. ह्यू एव्हरेटने १९५७ साली प्रिन्स्टनच्या पीएचडी प्रबंधात ती गणितातून मांडली, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. मराठीत तिला जयंत नारळीकरांनी पानिपतावर नेलं. 'गंगाधरपंतांचं पानिपत'मध्ये गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते आणि मराठे जिंकतात! अपघातानंतर प्राध्यापक त्या जगात जागे होतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ही कथा 'द अॅडव्हेंचर' नावाने होती, म्हणजे काहींनी ती केवळ मार्कांसाठी वाचली असणार. पुन्हा वाचा, मार्कांशिवाय.

निरोप घेताना विल आणि लायरा ठरवतात, दर वर्षी मिडसमरच्या दिवशी भर दुपारी आपापल्या जगातल्या ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमध्ये त्याच एका बाकावर येऊन बसायचं. दिसणार कुणीच नाही. ती बाग आणि तो बाक खरोखरच आहेत. वाचक तिथे जातात, बसतात, आणि त्या लाकडावर दोघांची नावं कोरून ठेवतात.